जर्मनीच्या संग्रहालयात नोकरी आणि कोपनहेगनचे दोन दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

संग्रहालयात काम करणाऱ्यांचा शनिवार-रविवार हा इतरांच्या सुट्टीचा असतो. गर्दी त्याच दिवशी येते, म्हणून आपण कामावर. आपली हक्काची सुट्टी सोमवारी, कारण जर्मनीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हॅम्बुर्गला नोकरीला लागल्यावर पहिल्या चार महिन्यांतच मी एका रविवारी संध्याकाळी कोपनहेगनची गाडी पकडली. सोमवारी सकाळी तिथल्या सरकारी कलासंग्रहालयाच्या दारात उभी राहिले, तर दार बंद. ग्लिप्टोटेक हे शिल्पसंग्रहालयही बंद. डेन्मार्कच्या संग्रहालयातली माणसंसुद्धा सोमवारीच सुट्टी घेतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी पुण्याची. पुरातत्त्वात एमए केलं, मग वस्त्रसंवर्धनाचं शिक्षण घेतलं आणि हॅम्बुर्गच्या एका संग्रहालयात लागले. महाराष्ट्रातून या क्षेत्रात येणारी मुलं-मुली अजून थोडी आहेत. जी येतात त्यांचे पहिले सहा महिने कागदपत्रं, अनोळखी जर्मन शब्द आणि चुकलेली तिकिटं यांतच जातात. ते वाचावेत म्हणून हे क्रमवार लिहिते आहे. आधी नोकरीचा भाग आणि मग प्रवासाचा, कारण पहिला नीट झाला नाही तर दुसरा होतच नाही.

१. कोणत्या कामासाठी जाताय ते आधी ठरवा

‘संग्रहालयात काम’ म्हणजे एकच काम नव्हे. जर्मनीत त्याच्या चार-पाच वेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीची पात्रता वेगळी.

अभिरक्षकाच्या, म्हणजे क्युरेटरच्या वाटेवर बहुतेकांना आधी ‘फोलोन्टारियाट’ करावं लागतं. एमएनंतरची ही पगारी उमेदवारी साधारण दोन वर्षांची असते. जर्मन संग्रहालय संघाच्या, म्हणजे डॉयचर म्युझियम्सबुंडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पगार ‘ई १३’ या सरकारी श्रेणीच्या निम्मा असावा. या कामाला जर्मन भाषा चांगली लागते. बी २ ही कमीत कमी पातळी समजा, आणि कॅटलॉगचं लेखन करायचं असेल तर सी १.

संवर्धकाची, म्हणजे कॉन्झर्व्हेटरची वाट वेगळी आहे. जर्मन लोक त्याला ‘रेस्टाउराटोर’ म्हणतात. इथे पदवीइतकंच हाताचं काम पाहिलं जातं. कागद, वस्त्र, लाकूड, धातू, चित्र अशा स्वतंत्र शाखा आहेत आणि ‘मला सगळं थोडं थोडं येतं’ या उत्तराची किंमत शून्य. याशिवाय रजिस्ट्रार म्हणजे वस्तूंची नोंद आणि उसनवारी पाहणारे, शिक्षण विभागातले, प्रदर्शनाची मांडणी करणारे अशी पदं असतात.

अलीकडे आणखी एक वाट रुंद झाली आहे: वस्तू मुळात कुठून आणि कशी आली याचा शोध. २०२२ मध्ये जर्मनीने बेनिनच्या, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्यातून लुटून नेलेल्या कांस्यमूर्तींची मालकी नायजेरियाकडे सोपवली. त्यानंतर वस्तूंच्या प्रवासाची कागदपत्रं वाचू शकणाऱ्या माणसांची गरज फार स्पष्ट दिसते. तुम्हाला मोडी वाचता येत असेल तर ते अर्जात वर लिहा, तळाशी ‘इतर छंद’मध्ये टाकू नका. युरोपातल्या संग्रहांत मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे हात फार कमी आहेत. याबद्दल पुढे पुन्हा सांगते.

जागा शोधायच्या तर म्युझियम्सबुंडच्या संकेतस्थळावरचं नोकऱ्यांचं पान रोज पाहा. थोडक्या काळासाठी जायचं असेल, तर बर्लिनच्या प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाची परदेशी अभ्यासकांसाठी शिष्यवृत्ती असते. एक ते तीन महिने तिथल्या संग्रहात काम करता येतं. पहिलं पाऊल म्हणून मला ही शिष्यवृत्ती नोकरीपेक्षा बरी वाटते. माणसं ओळखीची होतात आणि पुढच्या अर्जाला आधार मिळतो.

२. अर्जाआधी जमवायची कागदपत्रं

- पदव्या आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. मराठीत काही असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर.
- तुमचं विद्यापीठ जर्मनीच्या ‘आनाबिन’ या परदेशी विद्यापीठांच्या आणि पदव्यांच्या सूचीत कसं दाखवलंय त्याची छापील प्रत. पदवी तिथे थेट सापडत नसेल तर पदवीच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र मागवावं लागतं. त्यात वेळ जातो, म्हणून हे सगळ्यात आधी हाती घ्या.
- कामांचा संग्रह. संवर्धकांनी प्रत्येक कामाचे आधीचे, कामादरम्यानचे आणि नंतरचे फोटो द्यावेत. नुसता ‘नंतरचा’ सुंदर फोटो पाहून तिथली माणसं साशंक होतात.
- भाषेचं प्रमाणपत्र.
- आधी जिथे काम केलं तिथलं कामाचं वर्णन असलेलं पत्र. आपल्याकडे ‘हे अमुक काळ इथे होते, वर्तणूक चांगली’ असं दोन ओळींचं पत्र देतात. ते पुरत नाही. कोणत्या वस्तूंवर, कोणत्या पद्धतीने, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं हे त्यात यायला हवं. शक्य असेल तर मसुदा स्वतः लिहून साहेबांपुढे ठेवा.

व्हिसाबद्दल एकच महत्त्वाची सूचना. ब्लू कार्ड हा जास्त पगाराच्या तज्ज्ञांना मिळणारा परवाना, आणि फोलोन्टारियाटचा पगार त्याच्या किमान पगारमर्यादेइतका नसतो. त्यामुळे ‘ब्लू कार्डासाठी अर्ज करा’ हा आयटीतल्या मित्रांचा सल्ला इथे लागू पडत नाही. तुमचा व्हिसा कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मागायचा, हे संग्रहालयाच्या कर्मचारी विभागाला लेखी विचारा आणि ते उत्तर अर्जासोबत जोडा.

३. पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक ठराविक कागद लागतो. करारनामा त्याऐवजी चालत नाही. काही घरमालक, विशेषतः खोली पोटभाड्याने देणारे, तो कागद द्यायला टाळाटाळ करतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि कर क्रमांक नाही तर पहिल्या पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जाऊ शकतो.

त्याच आठवड्यात निवासपरवान्याच्या कार्डासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मागून ठेवा. व्हिसा संपायला अजून बराच वेळ आहे म्हणून थांबू नका. वेळ मिळायलाच महिने लागू शकतात, आणि याचा थेट संबंध तुमच्या पुढच्या प्रवासाशी आहे.

तिसरी गोष्ट वैयक्तिक उत्तरदायित्वाचा विमा, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. तो सक्तीचा नाही, पण घ्या. घेताना ‘कामाच्या ठिकाणच्या किल्ल्या हरवल्यास’ हे कलम त्यात आहे का ते पाहा. संग्रहालयाची किल्ली हरवली की एक कुलूप बदलून भागत नाही, एका किल्लीने उघडणारी सगळी दारं बदलावी लागतात.

४. डिपोतले पहिले आठवडे

वस्तू जिथे ठेवतात त्या भांडाराला जर्मनीत ‘डिपो’ म्हणतात. तिथे पेन नेत नाहीत, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर ठेवायची. खाणं, पाण्याची बाटली, चॉकलेटचा कागदसुद्धा आत नाही, कारण त्यामागून कीड येते. लोकरीच्या वस्त्रांना कसर लागली तर संपूर्ण कपाट रिकामं करून वस्तू गोठवणाऱ्या पेटीत ठेवाव्या लागतात.

हातमोज्यांबद्दल सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे याकडे दुर्लक्ष होतं. आपण समजतो की हातमोजे वस्तूच्या रक्षणासाठी. मानववंशशास्त्राच्या जुन्या संग्रहांत ते तुमच्याही रक्षणासाठी असतात. पूर्वी पिसं, कातडं, लोकर टिकावी म्हणून त्यांवर आर्सेनिक मारत, नंतरच्या काळात डीडीटी. ते आजही त्या वस्तूंवर आहे. नायट्राइलचे मोजे घाला, ते घालून फोनला हात लावू नका, डिपोतला कोट घरी नेऊ नका. कपाटावर इशाऱ्याची चिठ्ठी नसली तरी वस्तू स्वच्छ आहे असं गृहीत धरू नका. पहिल्याच दिवशी विचारा: ‘या विभागाची विषतपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला तिथे कुणी आगाऊ म्हणत नाही.

वस्तू हलवण्याआधी ती कुठे ठेवायची ती जागा मोकळी करा. ऐकायला साधं आहे, पण अपघात याच ठिकाणी होतात. एका हाताने कधीच उचलू नका, मुठीला, कानाला, दांड्याला धरून तर नाहीच. जुने जोड नेमके तिथेच असतात.

वस्त्र आणि कागद यांच्यासाठी ५० लक्सपर्यंतचा (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचं एकक) मंद प्रकाश हे परिचित प्रमाण आहे. पुण्यातल्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना ते दालन सुरुवातीला अंधारं वाटतं. दोन-तीन मिनिटं थांबलं की रंग दिसू लागतात. पाहुण्यांनाही हेच सांगत जा.

माणसांबद्दल थोडं. हॅम्बुर्गमध्ये दिवसभरात कधीही ‘मोइन’ म्हणून अभिवादन करतात, सकाळी आणि संध्याकाळीही. वरिष्ठांना स्वतःहून एकेरी ‘डू’ म्हणू नका. तसं म्हणायचं आमंत्रण त्यांच्याकडून येतं. आणि चूक झाली तर त्याच क्षणी सांगा. माझ्या हातून एका झालरीचा धागा सुटला तेव्हा मी घाबरत जाऊन सांगितलं. माझ्या विभागप्रमुख बाईंनी शांतपणे स्थिती-अहवाल, म्हणजे त्या वस्तूच्या अवस्थेची नोंद, काढला, आम्ही दोघींनी नोंद केली, फोटो जोडला. लपवली असती तर मात्र ती चूक कायमची माझ्या नावावर राहिली असती.

५. सुट्टीचं वेळापत्रक

जर्मन कायद्याप्रमाणे रविवारी काम केलं तर त्याबदली दोन आठवड्यांच्या आत एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे, आणि वर्षातले किमान १५ रविवार मोकळे असले पाहिजेत. ते मागायला संकोचू नका. सार्वजनिक सेवेच्या वेतनकरारात वर्षाला ३० दिवस रजा असते. तुमच्या करारात किती आहे ते वाचून ठेवा.

स्कँडिनेव्हियाला जायचं तर रविवार-सोमवार घेऊ नका. माझं काय झालं ते वर सांगितलंच. कोपनहेगनचं सरकारी कलासंग्रहालय, ग्लिप्टोटेक आणि जवळच्या हुमलेबेकचं लुइझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय ही तिन्ही सोमवारी बंद असतात. महिन्यात एकदा सहकाऱ्याशी पाळी बदलून शुक्रवार दुपार ते रविवार रात्र एवढा वेळ मोकळा करा. पाळ्यांचा तक्ता लागण्याआधी, साधारण सहा आठवडे अगोदर विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. त्यांच्या नाताळच्या पाळीला तुम्ही उभं राहायचं, हा त्यातला सरळ व्यवहार.

६. सीमा ओलांडण्याआधी

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड हे सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. जर्मनीचा वैध निवासपरवाना किंवा दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा आणि वैध पासपोर्ट असेल, तर वेगळा व्हिसा न काढता कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तिथे फिरता येतं. फिरता येतं, काम करता येत नाही. संग्रहालयाची वस्तू घेऊन सोबत जायचं असेल तर ते काम आहे. त्यासाठी कर्मचारी विभागाकडून आधी लेखी विचारणा करून घ्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. व्हिसा संपला आणि कार्ड अजून आलं नाही, तर मधल्या काळात एक कागद मिळतो, ‘फिक्त्सियोन्सबेशायनिगुंग’. हा कागद दोन-तीन प्रकारचा असतो आणि आत कोणत्या कलमापुढे खूण केली आहे त्यावर तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता की नाही ते ठरतं. माझी दुसऱ्या वेळची तिकिटं याच कारणाने रद्द झाली. खूण कोणत्या कलमापुढे आहे हे मी वाचलंच नव्हतं. हा कागद हातात असेल तर तो देणाऱ्या कार्यालयाला ई-मेल करून विचारा, उत्तर छापून जवळ ठेवा. उत्तर आलं नाही तर जाऊ नका.

दुसरा सापळा आरोग्यविम्याचा आहे, आणि तो भारतीयांना हमखास लागतो. जर्मन आरोग्यविम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्यकार्ड छापलेलं असतं. त्यावरून वाटतं की युरोपात सगळीकडे उपचार होतील. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंडमध्ये उपचारांसाठी वापरता येत नाही. जर्मन सहकाऱ्याचं चालेल, तुमचं चालणार नाही. वर्षभराचा परदेशप्रवासाचा आरोग्यविमा थोडक्या पैशांत मिळतो. तो आधी काढा, मग तिकीट.

सोबत घ्यायचं ते असं:

- पासपोर्ट, मूळ प्रत. फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनी-डेन्मार्क सीमेवर २०१६ पासून डॅनिश तपासणी आहे आणि गाडीत पोलीस चढतात.
- निवासपरवान्याचं कार्ड, मूळ.
- विम्याचं पत्र.
- संग्रहालयाचं ओळखपत्र आणि आयकॉमचं कार्ड.

आयकॉम म्हणजे संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद, १९४६ मध्ये स्थापन झालेली. तिचं सभासदत्व जर्मन शाखेकडून घेता येतं. त्या कार्डावर बहुतेक मोठ्या संग्रहालयांत फुकट प्रवेश मिळतो. डेन्मार्कच्या तिकिटांचे दर पाहिले की वर्गणी दोन-तीन भेटींत वसूल होते. पण कार्ड यायला काही आठवडे लागतात, आणि दर वर्षीचं नूतनीकरण झालेलं असावं लागतं.

७. शहर एकच निवडा

नकाशावर कोपनहेगन, स्टॉकहोम आणि ओस्लो जवळ वाटतात. तसे ते नाहीत. कोपनहेगन ते स्टॉकहोम रेल्वेने पाच तासांहून जास्त लागतात. दोन दिवसांत तीन राजधान्या पाहणारे रेल्वेच्या खिडकीतून पाइनची झाडं पाहून परततात.

हॅम्बुर्गहून पहिल्यांदा कोपनहेगन. स्टॉकहोमसाठी चार दिवस राखून ठेवा. तिथे १६२८ मध्ये बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं वासा हे स्वीडनचं लढाऊ जहाज आहे. ऐतिहासिक संग्रहालयात, १९५६ मध्ये हेल्गो बेटावर सापडलेली छोटी कांस्य बुद्धमूर्ती आहे. भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून सहाव्या शतकाच्या सुमारास निघालेली ती मूर्ती व्हायकिंगांच्या प्रदेशात पोचली. ती धावतपळत पाहण्याची गोष्ट नाही. ओस्लोचं व्हायकिंग जहाजांचं जुनं संग्रहालय २०२२ मध्ये नव्या इमारतीच्या कामासाठी बंद झालं. तिकडे जाण्याचा बेत असेल तर ते उघडलं का, हे आधी पाहा.

८. गाडी

हॅम्बुर्गहून कोपनहेगनला थेट गाडी आहे, साधारण पाच तास. पूर्वी ही गाडी बोटीत चढून समुद्र ओलांडायची. ते २०१९च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. आता ती ज्यूटलंडमार्गे, ओडेन्सेवरून ग्रेट बेल्ट ओलांडून जाते. जागा राखून ठेवाच, उन्हाळ्यात उभं राहूनही जाता येत नाही इतकी गर्दी असते. डॉइचलँड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा मासिक पास, या गाडीत चालत नाही, कारण ते फक्त स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांसाठी आहे.

रुळांच्या कामांमुळे वेळापत्रक बदलतं, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा तपासा. मुक्कामी पोचायला एक तास उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के रक्कम परत मागता येते. तिकीट आणि उशिराचा पुरावा जपून ठेवा.

९. पैसे आणि पोट

डेन्मार्कमध्ये युरो नाही, क्रोनर आहेत. एक युरो म्हणजे जवळपास साडेसात क्रोनर, आणि हा दर फारसा हलत नाही. रोख पैसे बदलून घेऊ नका, सगळीकडे कार्ड चालतं. यंत्र विचारतं, ‘युरोत की क्रोनरमध्ये?’ नेहमी क्रोनर निवडा. युरो निवडलं की दर यंत्रवाला ठरवतो.

जेवण महाग आहे. शाकाहारी असाल तर पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. सायकलींच्या मार्गावर पाय ठेवू नका, तिथे सायकली थांबत नाहीत.

१०. काय पाहायचं: मोजक्या वस्तू, भरपूर वेळ

माझा नियम असा की एका दिवसात एक संग्रहालय, आणि त्यात आधी ठरवलेल्या चार वस्तू. बाकीचं दिसेल तेवढं. निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या की त्या वस्तू सध्या दालनात आहेत की डिपोत किंवा दुसरीकडे उसन्या गेल्या आहेत.

शनिवार राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. मुख्य स्थानकापासून ते चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पुरातत्त्व शिकलेल्या प्रत्येकाचं या घराशी नातं आहे. १८१६ मध्ये क्रिस्टियान युर्गेनसेन थॉमसेन यांच्याकडे या संग्रहाची जबाबदारी आली. वस्तूंचे ढीग लावायचे कसे, या अगदी व्यवहारी प्रश्नातून त्यांनी अश्म, कांस्य आणि लोह अशी तीन युगं मांडली. आपण एमएच्या पहिल्या वर्गात जे पाठ करतो ते इथल्या कपाटांच्या मांडणीतून आलं. भांडारातल्या नोंदींच्या कंटाळवाण्या कामाने मन विटलं की मी हे आठवते.

ट्रुंडहोमचा सूर्यरथ १९०२ मध्ये दलदलीत नांगराला लागून सापडला. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा. कांस्याचा घोडा, मागे चाकांवर तबकडी, तबकडीची एक बाजू सोन्याने मढवलेली आणि दुसरी तशीच. एक दिवसाची, एक रात्रीची असं मानतात. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तिथून हलू नका. मला तिथे आपला दायमाबादचा कांस्यरथ आठवला. प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये सापडलेल्या त्या रथाला बैल जुंपलेले आहेत आणि वर एक माणूस उभा आहे. दोघांत काही संबंध असल्याचं मला म्हणायचं नाही. पण धातूत चाकं ओतून एखादी गोष्ट फिरती करावी असं दोन्हीकडच्या हातांना वाटलं, हे पाहून मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

एग्तवेडची मुलगी १९२१ मध्ये सापडली. ओकच्या खोडाची शवपेटी, काळ इसवी सनपूर्व १३७०. वय सोळा ते अठरा. आम्लयुक्त पाण्यामुळे हाडं विरघळली, पण केस, नखं आणि लोकरीचे कपडे टिकले. आखूड पोलकं आणि दोऱ्यांचा घागरा. वस्त्रसंवर्धनातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. विणीकडे जवळून पाहा. पीळ कोणत्या दिशेने आहे, काठ कसा बंद केला आहे, ते वहीत काढून घ्या. पेन्सिलने, अर्थात.

गुंडेस्ट्रुपचं रुप्याचं भांडं १८९१ मध्ये दलदलीत मिळालं. आतल्या एका पत्र्यावर मधोमध स्त्रीप्रतिमा आहे आणि दोन्ही बाजूंना हत्ती. आपल्या डोळ्यांना गजलक्ष्मी आठवतेच. हे भांडं कुठे घडलं यावर अभ्यासकांचा वाद आहे, तेव्हा घाईने निष्कर्ष काढू नका, पण पाहा जरूर.

चौथी गोष्ट आपल्या इतिहासाची. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगमबाडी १६२० ते १८४५ डॅनिश लोकांकडे होतं, ते त्याला ट्रांकेबार म्हणत. ही जागा त्यांना तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळाली आणि त्याबदली ते तंजावरला दरवर्षी रक्कम भरत. पुढे तंजावर व्यंकोजी राजांकडे आलं आणि डॅनिशांचा व्यवहार भोसल्यांच्या दरबाराशी सुरू झाला. म्हणूनच तंजावरची मोडी कागदपत्रं डेन्मार्कच्या संग्रहांत पोचली आहेत. ती दालनात मांडलेली नसतात. अभ्यासासाठी पाहायची तर आधी पत्रव्यवहार करून, कागदाचा क्रमांक देऊन वेळ घ्यावी लागते आणि ती वेळ कामाच्या दिवसांतली असते. शनिवारी जाऊन दार ठोठावून उपयोग नाही. एखादा शुक्रवार रजा घेऊन जा. तीन-चार आठवडे आधी लिहा, तुम्ही कुठे काम करता, मोडी किती वाचता येतं आणि नेमकं काय पाहायचं आहे ते स्पष्ट सांगा. संग्रहालयातलं माणूस दुसऱ्या संग्रहालयातल्या माणसाला शक्यतो नाही म्हणत नाही.

रविवारी सकाळी रोस्किल्डला जा, रेल्वेने साधारण अर्धा तास. तिथल्या खाडीतून १९६२ मध्ये पाच व्हायकिंग जहाजं काढली. शत्रूची वाट अडवण्यासाठी अकराव्या शतकात ती मुद्दाम बुडवली होती. लाकूड पाण्यात शेकडो वर्षं राहिलं की त्याच्या पेशींतलं सगळं झिजतं आणि फक्त पाणी त्याला उभं धरतं. ते पाणी सुकू दिलं तर लाकूड आकसून तडकतं. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखं पॉलिइथिलीन ग्लायकॉल भरतात. वासा जहाजावर हा फवारा सतरा वर्षं चालला. कोकणात बंदरांच्या गाळात काही सापडलं तर हेच ज्ञान लागणार आहे, म्हणून संवर्धन शिकणाऱ्यांनी इथे अर्धा दिवस द्यावा.

कलेची ओढ जास्त असेल तर रोस्किल्डऐवजी लुइझियाना. समुद्रकाठी, १९५८ पासून. पुलावरून माल्मोला जाण्याचा मोह होईल, ओरेसुंड पूल २००० साली खुला झाला आणि पलीकडे जायला चाळीस मिनिटं पुरतात. पहिल्या खेपेला नको. गेलातच तर पासपोर्ट खिशात असू द्या, तो दुसरा देश आहे.

डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात गेलात तर बाहेरचं सकाळी पाहा, दालनं दुपारी.

११. परतीचा दिवस

रविवारी शेवटची गाडी धरू नका. त्याच्या आधीची घ्या, म्हणजे ती चुकली तरी शेवटच्या गाडीने रात्री घरी पोचता. सीमेवर पुन्हा पासपोर्ट आणि कार्ड दाखवावं लागेल, ते सामानात तळाशी ठेवू नका.

गाडीत बसल्या बसल्या वहीतल्या नोंदी पूर्ण करा: वस्तूचा नोंदणी क्रमांक, कोणत्या दालनात, प्रकाश कसा होता, आधार कसा दिलाय, काचेतलं अंतर किती. क्रमांक लिहिला नसेल तर पुढे त्या वस्तूबद्दल कुणाला विचारताही येत नाही. एग्तवेडच्या घागऱ्याला खालून आधार कसा दिला असेल याचं मी काढलेलं कच्चं चित्र पुढच्या आठवड्यात आमच्या कार्यशाळेतल्या भिंतीवर लागलं, आणि एका जुन्या झुलीसाठी आम्ही तसाच आधार करून पाहिला.